ज्युपिटर-८ डिजिटल लायकावर: शिमच्या नोंदी आणि फुकट गेलेले दोन शनिवार

कॅमेरा लायका एम, टाइप २४०. लेन्स ज्युपिटर-८, ५० मिमी एफ/२, क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली, ३९ मिमी स्क्रू-माउंटची. नंबर ६३ ने सुरू होतो, म्हणजे १९६३ ची. आतली मांडणी झाइसच्या सोनारची: सहा भिंगं, तीन गटांत.

काम एवढंच होतं. मंडईत दीड-दोन मीटरवरून एफ/२ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं ठेवून, चेहरा टिपला, तर रेंजफाइंडरने (दोन प्रतिबिंबं एकावर एक आणून अंतर जुळवणारी कॅमेऱ्यातली यंत्रणा) लावलेला फोकस डोळ्यावर बसायला हवा. सुरुवातीला तो कानाकडे सरकत होता. तो जागेवर आणायला लेन्समधली शिम, म्हणजे पातळ कडी, जाड करावी लागली.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

लेन्स ₹८,५०० ला मिळाली. घेण्याआधी पाहायच्या गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने: मोबाइलचा टॉर्च मागून मारून भिंगांमधला धुरकटपणा, बुरशीचे धागे, फोकस रिंगचा जडपणा, मागच्या नळीची कड. ही कड कॅमेऱ्यातल्या, रेंजफाइंडरला अंतर कळवणाऱ्या रोलरला टेकते, तिला खाच पडलेली असेल तर लेन्स परत करायची. छिद्राच्या पात्यांवर थोडं तेल असलं तर सोडून द्यावं. इथे पाती हातानेच फिरतात, स्प्रिंगवर नाही, त्यामुळे तेलाने काही अडत नाही.

या लेन्समध्ये छिद्रामागच्या भिंगावर पातळ धूर आहे, बुरशी नाही. फोकस रिंग थंड गुळासारखी फिरते.

खरेदीतला एक सापळा आधीच सांगतो. झेनिट कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्सचा स्क्रूही ३९ मिमीचाच आणि विकणारे दोन्ही एकाच टोपलीत टाकतात. झेनिटची लेन्स फिल्मपासून ४५.२ मिमीवर बसायला बनवलेली असते, रेंजफाइंडरची २८.८ वर. शिवाय झेनिटच्या लेन्सला रोलर ढकलणारी नळीच नसते. ती एम बॉडीवर चढेल, पण अनंत, म्हणजे खूप दूरचा फोकस, कधीच मिळणार नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

लेन्सला दोष देण्याआधी कॅमेरा तपासला. उसनी आणलेली आजच्या काळातली लायकाचीच ५० मिमी समिक्रॉन लेन्स लावून वेताळ टेकडीवर गेलो. सकाळी सातच्या सुमारास हवा स्वच्छ असते, सिंहगडावरचे टॉवर नीट दिसतात. सरळ रेषेत १९-२० किलोमीटर, यापेक्षा चांगलं अनंत पुण्यात शोधून सापडायचं नाही. रिंग अनंताच्या खुणेवर, टॉवरची दोन्ही प्रतिबिंबं एकावर एक. घरी १ मीटरवरही समिक्रॉन बरोबर. म्हणजे बॉडीच्या रेंजफाइंडरला हात लावायचा नाही. एका लेन्ससाठी रोलरचा स्क्रू फिरवला की बाकीच्या सगळ्या लेन्स बिघडतात, ही चूक करून मग दुरुस्तीचे पैसे भरणारे बरेच असतात.

मग ज्युपिटर. ट्रायपॉड, ४५ अंशांत टेकवलेली स्टीलची पट्टी, शून्याच्या रेघेवर उभं काळं चिकटपट्टीचं टोक. सेन्सरपासून अंतर १ मीटर, एफ/२, दहा फोटो. त्यातले पाच अनंताकडून जवळ येत फोकस केलेले, पाच उलट दिशेने. दोन्हीकडून घ्यायचंच, कारण जुन्या हेलिकॉइडमध्ये, म्हणजे फोकसच्या आट्यांमध्ये, खेळ असेल तर दोन गट वेगळे पडतात. इथे पडले नाहीत.

दहाही फोटोंत फोकस मागे. पट्टीवर ४ सेंमी.

हा आकडा तसाच वहीत लिहिला आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर केला, ती पहिली चूक. पट्टी ४५ अंशांत आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या दिशेने मोजलेलं अंतर पट्टीवरच्या आकड्याच्या ०.७ पट. खरी चूक २.८ सेंमी. या अंतराला एफ/२ वर खोली, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, मागेपुढे जेमतेम २-२ सेंमी, म्हणजे चूक तिच्या बाहेर.

१२ ऑक्टोबर, दसरा

संशय स्क्रू लेन्स एम बॉडीवर चढवणाऱ्या ॲडॉप्टरवर गेला. स्क्रू लेन्स २८.८० मिमीसाठी, एम माउंट २७.८० मिमीचं, तेव्हा ॲडॉप्टरची जाडी बरोबर १.०० मिमी हवी. ₹१,१०० चा ॲडॉप्टर मायक्रोमीटरवर चार ठिकाणी मोजला: ०.९४, ०.९४, ०.९५, ०.९४. सापडला चोर, असं वाटलं. ₹३,२०० चा दुसरा मागवला. व्हर्नियरवर विसंबू नका, त्याच्यावर हाच ॲडॉप्टर एकदा ०.९८ दिसला होता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नवा ॲडॉप्टर १.०० चा. चाचणी तीच, पट्टी तीच. फोकस मागे २.८ सेंमी. फरक शून्य. पहिला शनिवार इथे गेला.

कारण कागदावर मांडल्यावर दिसलं, आधी मांडलं असतं तर ₹३,२०० वाचले असते. ज्युपिटर-८ मध्ये रोलरला टेकणारी नळी आणि भिंगांचा गट एकाच तुकड्यावर पुढेमागे होतात, एकास एक. ॲडॉप्टर ०.०६ मिमी पातळ असला तर भिंगं ०.०६ ने मागे जातात आणि नळीही तेवढीच मागे जाते. रेंजफाइंडरला तेवढाच फरक कळतो आणि हिशेब जुळतो. बिघडतं ते फक्त रिंगवरचं आकड्यांचं माप, आणि रिंग अनंताच्या पुढे थोडी जास्त फिरते.

हे ५० मिमीपुरतंच खरं. ३५ किंवा ९० मिमीच्या लेन्समध्ये नळीची चाल भिंगांच्या चालीपेक्षा वेगळी असते, तिथे पातळ ॲडॉप्टर थेट फोकस बिघडवतो. म्हणून १.०० चा ॲडॉप्टर ठेवला, पण या कामासाठी त्याची गरज नव्हती.

ॲडॉप्टर घेताना त्यावरचा ५०/७५ हा आकडा मात्र बघावाच. एम बॉडी ॲडॉप्टरच्या कानांवरून चौकट ओळखते. २८/९० चा लावला तर व्ह्यूफाइंडरमध्ये भलतीच चौकट उजळते.

२० ऑक्टोबर, रविवार

खरं कारण लेन्समध्येच आहे. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीचं भिंग गृहीत धरतो, कारण लायकाच्या ‘५० मिमी’ची खरी लांबी तेवढी. या सोव्हिएत लेन्स झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या मापावर, ५२.४ मिमीवर आहेत. अनंतावर दोन्ही जुळतात. १ मीटरवर ५२.४ च्या भिंगाला ०.१० मिमी जास्त पुढे यावं लागतं आणि नळी ते कॅमेऱ्याला सांगत नाही. ०.१० मिमी भिंगाशी कमी, म्हणजे १ मीटरवर विषयाशी जवळजवळ ३ सेंमी मागे. पट्टीवरची चूक तंतोतंत इथे येते. १.५ मीटरवर कमतरता ०.०६, २ मीटरवर साधारण ०.०४५.

उपाय जुनाच आहे: भिंगांचा गट आणि नळी यांच्यात असलेली शिम जाड करायची. भिंगं पुढे येतात, नळी जागेवर राहते.

गट काढायला खास काही लागत नाही. डाव्या हातात फोकस रिंग, उजव्या हातात सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून लेन्सचं तोंड, आणि उलटं फिरवायचं. अख्खा गट सुटून बाहेर येतो. निघत नसेल तर सांध्यावर ॲसिटोनचा एक थेंब टूथपिकने सोडा आणि पंधरा मिनिटं थांबा. पक्कड लावू नका, ॲल्युमिनियम आहे, दाबला की गोलाई गेली. खाली पांढरी चादर अंथरा. शिम काळी असते आणि फरशीच्या फटीत गेलेली दिसत नाही.

आतली शिम मोजली: ०.६२ मिमी. दुसऱ्या लेन्समध्ये वेगळी असेल, कारखान्यात प्रत्येक लेन्सला जुळवून टाकत. हा आकडा तुमच्या लेन्सला लावू नका, फक्त किती वाढवायची ते घ्या.

गट हातात होता म्हणून धूरही काढला. मागचा गट स्पॅनरने (₹८५०) उघडला. भिंगावर आधी हवेचा फुगा, मग आयसोप्रोपिल, मग डिस्टिल्ड पाणी, प्रत्येक वेळी नवा टिश्यू. दोन हातांत धूर गेला. बुरशी असती तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं असतं, पण तिने कोटिंग खाल्लेलं असेल तर तो डाग कशाने जात नाही. भिंगं बुडवून ठेवू नका आणि गरम करू नका. दुसऱ्या गटात तीन भिंगं एकमेकांना चिकटवलेली आहेत, मधला जोड एकदा सुटू लागला की घरी काही होत नाही.

२१ ते २३ ऑक्टोबर

शिम किती वाढवायची ते आधी कागदावर ठरवलं, पितळ नंतर. अप्पा बळवंत चौकातून बटर पेपर आणला, मायक्रोमीटरवर ०.०५ निघाला. ऑफिसातला ८० जीएसएमचा कागद ०.१० चा. चांगल्या वर्तुळकटरने कडी कापली, मूळ शिमखाली ठेवली, गट परत घट्ट केला.

+०.१० टाकल्यावर १ मीटरवर एफ/२ ला फोकस बरोबर शून्याच्या रेघेवर. दहापैकी नऊ फोटो, दहावा हलला होता.

कागद कायमचा ठेवायचा नाही. घट्ट केल्यावर दबतो आणि पावसाळ्यात ओल धरून फुगतो. आषाढातला ०.०५ आणि उन्हाळ्यातला ०.०५ एक नसतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बोहरी आळीत ०.०५ मिमीचा पितळी पत्रा. दिवाळीच्या तोंडावर तिथे शिरणं हेच अर्धं काम. “दोन इंच कापून नाही मिळणार साहेब, पट्टी घ्यावी लागेल.” ₹२२०. त्यात पन्नास शिमा होतील.

पहिली कडी नखं कापायच्या बाकदार कात्रीने कापली आणि ती वाया गेली. कडेला बारीक उचल येते, डोळ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरवर तिथे ०.०८ दाखवतं. एका बाजूला उचल आली की गट तिरका बसतो. अशा शिमवर घेतलेल्या भिंतीच्या फोटोत डावी कडा धारदार, उजवी मऊ. पत्रा दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये दाबून वर्तुळकटर हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा फिरवायचा. मग १००० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून कडी त्यावर दोन-चार वेळा घासायची आणि परत मोजायची. दोन कड्या केल्या, मिळून ०.१०.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मंडईत सकाळी आठ ते साडेनऊ. १ मीटरवरची कांद्याची रास, हात, तराजू, सगळं हवं तिथे. भाजीवाल्या मावशींचे २ मीटरवरचे चेहरे सगळे नाकाच्या पुढे. फोकस डोळ्याच्या ७ सेंमी पुढे, हातातल्या मेथीच्या जुडीवर. मेथी मात्र अप्रतिम आली.

हिशेब सोपा होता, केला नव्हता. +०.१० हे १ मीटरला बरोबर. २ मीटरला लेन्सला फक्त ०.०४५ हवं असतं, तिथे ०.०५५ जास्तीचं पडतं आणि एवढ्या अंतरावर ते विषयाशी ७ सेंमी होतं. चाचणी ज्या अंतरावर केली, तिथे लेन्स बरोबर आणि ज्या अंतरावर वापरायची तिथे चूक. ज्युपिटर-८ एफ/२ ला सगळ्या अंतरांवर बरोबर बसवता येतच नाही, लायकाच्या बॉडीवर तर नाहीच. एक अंतर निवडावं लागतं. हे निवडल्याशिवाय शिम कापायला बसू नये.

दुसरा शनिवार गेला तो असा.

इथे १.५ मीटर निवडलं. म्हणजे +०.०६. अपेक्षा: १ मीटरला १ सेंमीच्या थोडं वर मागे, २ मीटरला २ सेंमी पुढे. दोन्ही खोलीच्या आत.

२७ ऑक्टोबर, रविवार

०.०६ चा पत्रा मिळत नाही. ०.०५ ची एक पितळी कडी आणि स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची एक, जी ०.०१२ मोजली. मिळून ०.०६२. फॉइल पितळेच्या आणि मूळ शिमच्या मधे ठेवायची, आट्यांच्या बाजूला नको, घट्ट करताना फाटते.

पट्टीवरची मोजमापं, ४५ अंशांचा हिशेब (०.७ पट) करून:
१ मीटर, एफ/२: १.१ सेंमी मागे.
१.५ मीटर, एफ/२: शून्य.
२ मीटर, एफ/२: २ सेंमी पुढे.
१.५ मीटर, एफ/४: थोडं मागे, पण खोलीच्या आत.

शेवटची ओळ सोनारच्या आराखड्याची खोड आहे. छिद्र लहान केलं की फोकस मागे सरकतो. म्हणून चाचणी एफ/२ लाच करायची. एफ/४ ला जुळवून ठेवलं तर एफ/२ बिघडतं आणि लेन्स घेतलेली असते एफ/२ साठी.

रिंग वारंवार जड वाटत होती म्हणून त्याच दिवशी हेलिकॉइड उघडलं. तेही घाईत. फोकस रिंगवरचे बारीक स्क्रू सैल करून नळी उलटी फिरवत काढली आणि ती कुठे सुटली याची खूण केली नाही. या आट्यांना अनेक तोंडं असतात, नळी कुठल्याही तोंडातून आत जाते, फिरतेही छान, पण अनंताच्या खुणेवर येत नाही. परत बसवताना सहा वेळा चुकलं, पाच तास. रेंजफाइंडरचा फोकस तेव्हाही बरोबर होता, कारण इथेही भिंगं आणि नळी बरोबरच हलतात. फक्त रिंग मधेच अडत होती. त्यामुळे हा बिघाड शिमचा समजू नये.

सुटण्याच्या क्षणी दोन्ही तुकड्यांवर टोकदार सुईने एक-एक रेघ ओढा, मोबाइलवर फोटो घ्या. जुनं ग्रीस पेट्रोलने नाही, आयसोप्रोपिलने काढा. नवं घट्टसर हेलिकॉइड ग्रीस (₹३५०) तुरीच्या दाण्याएवढं पुरे. जास्त लावलं की उन्हाळ्यात पात्यांकडे जातं.

बॉडीवर चढवण्याआधी लेन्सचा मागचा भाग ब्लोअर आणि टॉर्चने नीट बघा. पितळेची किस आणि ग्रीसचा ठिपका सेन्सरवर गेला, तर लेन्सच्या किमतीएवढी साफसफाई.

३ नोव्हेंबर, रविवार

वेताळ टेकडी, परत सिंहगड. जाड शिममुळे रिंग अनंतावर असताना लेन्स खरं तर ४५ मीटरवर फोकस करते. एफ/२ ला टॉवर मऊ, हे अपेक्षित. २४० च्या सेन्सरचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, टॉवरची कड एफ/२ ला पाचेक पिक्सेल पसरते. एफ/५.६ ला दोन पिक्सेलच्या आत, त्यातच मागे सरकण्याची खोड मदतीला येते. एफ/८ ला काही तक्रार नाही. दिवसा दूरचं दृश्य एफ/२ ला घ्यायची वेळ येत नाही. रात्री दूरचे दिवे घ्यायचे असतील तर लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून फोकस केला तरी उपयोग नाही, रिंग अनंताच्या पलीकडे जातच नाही. त्या कामाला ही लेन्स नको. जुना ०.९४ चा ॲडॉप्टर लावला तर मात्र ती ०.०६ ची उणीव भरून निघते आणि दूरचे दिवे एफ/२ लाही टोकदार. फेकून द्यायला काढलेला तो ॲडॉप्टर आता रात्रीसाठी पिशवीत.

पण रात्री त्या ॲडॉप्टरवरही रेंजफाइंडरने जुळवलं तर फोकस ४५ मीटरवरच येतो, कारण वर लिहिलेलंच. रिंग शेवटपर्यंत नेऊन अडवायची आणि रेंजफाइंडरमध्ये बघायचंच नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

मंडई, तीच वेळ, तोच प्रकाश. एफ/२, अंतरं १.२ ते २ मीटर, एकूण ६४ फोटो. डोळ्यावर बसलेले ५१. चुकलेल्या १३ पैकी बहुतेक समोरचा माणूस हलल्याचे, चार माझ्या हाताचे. शिमवर ढकलता येईल असा एकही नाही.

वापरताना कळलेल्या गोष्टी. शिम जाड झाल्यामुळे गट आधीच्या जागी घट्ट न होता अलीकडेच थांबतो, त्यामुळे छिद्राच्या आकड्यांची खूण वर न येता बाजूला येते. या लेन्सच्या छिद्राला टकटक नाही आणि फोकस फिरवताना तेही फिरतं, म्हणून नवी खूण लागतेच. पांढऱ्या इनॅमलचा सुईने एक ठिपका. फोटोच्या माहितीत दिसणारं छिद्र खरं मानू नका. कॅमेरा ते बाहेरच्या प्रकाशावरून अंदाजाने लिहितो, एफ/२ चं एफ/२.८ सहज लिहितो. चाचणीचे आकडे वहीतच.

मेनूत लेन्स ओळख बंद ठेवली आहे. ५० मिमीला कोपऱ्यांत रंग चढत नाही, दुरुस्तीची गरज दिसली नाही. समोरून ऊन आलं की एकेरी कोटिंग पांढरं होतं. तोंडावर ४०.५ मिमीचा हूड हवा, पण फार लांब नको, तो रेंजफाइंडरची खिडकी खातो.

खर्च: लेन्स ८,५००, दोन ॲडॉप्टर ४,३००, स्पॅनर ८५०, पत्रा २२०, ग्रीस ३५०, बटर पेपर, आयसोप्रोपिल वगैरे १८०. एकूण ₹१४,४००. मायक्रोमीटर उसना. पहिल्या ॲडॉप्टरवर थांबलो असतो तर ११,२००. वेळ: पाच आठवडे, त्यातलं खरं काम दीड दिवसाचं.

लेन्स आता हवाबंद डब्यात, १०० ग्रॅम सिलिका जेल आणि ₹३०० च्या आर्द्रतामापकासह. काटा ४५ टक्क्यांवर आहे. जून लागला की जेल दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर गरम करून परत ठेवायची.